आई-बाबांना पत्र : रेकॉर्डर, परवाने आणि मातृभाषेचा रकाना

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

"बोलणं मोबाईलवर टेप करायचं आणि नेटवर टाकून द्यायचं, त्याला एवढं सामान कशाला?" असं बाबा नेहमी विचारतात. छोट्या भाषा बोलणाऱ्या माणसांचं बोलणं मी गावोगाव जाऊन रेकॉर्ड करते, त्याबद्दलचा हा प्रश्न. फोनवर याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मोबाईल बनलाय तो समोरच्याला बोलणं कळावं एवढ्यासाठी. मागचा गोंगाट काढताना तो श, स, ख, फ यांच्यातली हवाही छाटून टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज तर आणखी दाबलेला असतो. काही भाषांत दोन शब्दांतला फरक नुसत्या सुराच्या चढउताराचा किंवा एवढ्याशा श्वासाचा असतो. तिथे असं रेकॉर्डिंग फारसं कामाचं नाही. म्हणून वेगळा रेकॉर्डर, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक आणि आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, म्हणजे आवाजातले बारकावे टिकतील अशी. एका माइकचं तासाभराचं बोलणं सुमारे 520 एमबी होतं. बोलणारा मोठ्याने हसला तरी रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल) फार वर जाऊ द्यायची नाही, कारण आवाज एकदा फाटला की तो पुन्हा नीट होत नाही. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घालायची. पत्र्याखाली पाऊस सुरू झाला तर मात्र सरळ थांबायचं. सेल चार्जिंगचे असतील तर रेकॉर्डरच्या मेनूत तसं सांगावं लागतं. ते 1.2 व्होल्टचे असतात, साधे 1.5 चे. सांगितलं नाही तर बॅटरीचा आकडा खोटा दिसतो आणि ऐन गोष्टीच्या मध्येच यंत्र बंद पडतं.

विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, 100 वॉट-अवरच्या आत. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते, म्हणजे चालते.

बाबांनी सॅटेलाइट फोनही सुचवला होता. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं गुन्हा आहे, सीमेलगत तर विचारूच नका. अरुणाचलात शिरायला भारतीयालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात येण्याचा परवाना, लागतं. 1873 च्या इंग्रजांच्या कायद्यातून आलेली ही पद्धत आजही चालू आहे. परमिट ऑनलाइन निघतं, पण भालुकपोंग किंवा बांदरदेवाच्या नाक्यावर नेट मिळेलच असं नाही, म्हणून छापील प्रती दोन-तीन ठेवलेल्या बऱ्या. आत बऱ्याच खोऱ्यांत रेंज रस्त्यालगतच असते. आठवडाभर फोन लागला नाही, तर रेंज नाही एवढंच समजा.

रेंज नसल्यामुळे "नेटवर टाकणं" तिथे तसंही जमत नाही. रोज संध्याकाळी कार्डावरचं सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचं. नुसतं कॉपी करून भागत नाही. मूळ फाइल आणि प्रत यांचे चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतात का ते पाहायचं, कारण अर्धवट उतरलेली फाइल नावाने आणि आकाराने अगदी धडधाकट दिसू शकते. जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि पुसायचं ते लॅपटॉपवर नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं. दोन डिस्क एका पिशवीत कधीच ठेवायच्या नाहीत. फाइलच्या नावात तारीख आणि बोलणाऱ्यासाठी ठरवलेला खुणेचा आकडा, माणसाचं नाव नाही. डिस्क पासवर्डने कुलूपबंद असतात आणि तो विसरला तर त्या कुणालाच उघडता येत नाहीत, म्हणून पासवर्डचं बंद पाकीट तुमच्या कपाटात ठेवलंय. ते उघडू नका आणि त्याचा फोटोही काढू नका.

आई, ही लपवाछपवी नव्हे. म्हातारी माणसं बोलताना जमिनीचे वाद, भाऊबंदकी, देवाच्या गुप्त गोष्टी सगळं सांगतात. ते कुणी ऐकायचं हे त्यांनीच ठरवायचं : सगळ्यांनी, फक्त गावाने की कुणीच नाही. ही परवानगी त्यांच्याच भाषेत, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घ्यायची, आणि उद्या नको वाटलं तर काढून टाकता येईल हेही सांगायचं. कागदावर सही मागितली की लोक बिचकतात, आणि बरोबरच आहे, सहीने गेलेल्या जमिनी त्यांनी पाहिल्यात.

खरा वेळ त्यानंतर लागतो. ईलान नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाखाली ओळी बांधायच्या : उच्चार, शब्दशः अर्थ, वाक्याचा अर्थ. एका मिनिटाच्या बोलण्याला तास सहज जातो, तोही शेजारी ती भाषा बोलणारं माणूस बसलं असेल तर.

आता राजकारण. 2011 च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषा छाननीनंतर 1,369 उरल्या, त्यांच्या 121 भाषा केल्या गेल्या. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलत असतील तर 1971 पासून त्या भाषेचा आकडा वेगळा छापतच नाहीत. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे बोलली जाणारी निहाली घ्या. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही, पण बोलणारे दोन-अडीच हजार, म्हणून तक्त्यात तिची ओळच नाही. ज्या भाषेचा आकडा नाही तिच्यासाठी शाळेत पुस्तक मागायचं कशाच्या जोरावर? म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 2013 पासून अशा छोट्या भाषांची नोंद हाती घेतली, हे फार चांगलं झालं.

हे आपल्या घराशीही जोडलेलं आहे. अहिराणीची गणना खानदेशीत होते, आणि तो आकडा 2001 ला वीस लाखांवर होता, 2011 ला एकोणीस लाखांच्या खाली आला. माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे धुळ्या-जळगावात घरोघरी "मराठी" लिहून देतात. जनगणनेच्या हिशेबी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. तुम्हा दोघांच्याही आया अहिराणीच बोलायच्या. 2027 च्या जनगणनेला माणूस दारात आला की "अहिराणी" सांगा, आणि त्याने तेच लिहिलंय का ते बघा. मराठी सोडावी लागत नाही. मागच्या वेळी "येणाऱ्या इतर भाषा" म्हणून आणखी दोन सांगता येत होत्या, तिथे मराठी आणि हिंदी सांगा. काका-काकूंनाही कळवा, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
लेक