आपलंच गाव, पायी बघा

महोदय,

मुंबईच्या भाच्याला आपलं कोल्हापूर दाखवायचं म्हणून परवा गाडी घरीच ठेवली. बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे १९५० साली, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच उभे राहिले, हे तिथंच थांबून सांगता आलं. गाडीवर असलं की सगळं लक्ष समोरच्या रिक्षाकडं. चप्पल लाईनीत एक कारागीर चामड्याच्या वादीची वेणी घालत होता. बोटं काय चालत होती! संध्याकाळी गंगावेशला म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन पाहुणा गारच.

महाद्वार रोडवर मात्र पाय ठेवायला जागा नाही. खासबाग मैदान ते पापाची तिकटी हा या रस्त्यावरून जाणारा पट्टा निदान रविवारी सकाळी वाहनांना बंद ठेवावा. पर्यटकांचं राहू दे, आम्हा पेठकरांसाठी तरी.

– एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर