लहानग्यांना दीड महिना तरी वेगळंच ठेवा

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

येळवसच्या सणाला येणं जमत नाही म्हटल्यावर आई फोनवर गप्पच झाली. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. आणखी एक सांगायचंय, आधीच सांगते, रागावू नका. कोंबड्यांच्या शेडच्या मधोमध पार्टिशन घालायला मी सुताराला सांगून टाकलंय. पैसेही दिलेत. रविवारपर्यंत तो काम उरकेल.

आई, तुझं म्हणणं मला कळतं. पंचवीस पिल्लं आहेतच, त्यात ही नवी तीस सोडली की एकच बल्ब, एकच भांडं, कमी वाकावं लागेल. पण सोमवारी नवी येतील तेव्हा जुनी तेवीस दिवसांची असतील. नव्यांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. जुन्यांना एवढी ऊब सोसत नाही. तीच आधी भांड्यांवर तुटून पडतील आणि लहानी पायाखाली येतील.

त्याहून मोठी भीती रक्ती हगवणीची. मोठी पिल्लं धडधाकट दिसली तरी त्यांच्या विष्ठेतून तो रोग तुसात पडत राहतो. तूस ओलं राहिलं की एक-दोन दिवसांत तो लागण करण्याजोगा होतो. मोठ्यांना त्याची थोडीथोडी सवय झालेली असते, लहानग्यांना नसते. म्हणून पार्टिशनचा खालचा दोन फूट भाग पत्र्याचा आणि वर अर्ध्या इंचाची जाळी सांगितली आहे. पत्र्यामुळे मोठ्यांनी उकरलेलं तूस इकडे उडणार नाही, थंड वाराही अडेल.

खाद्याचा घोर करू नका. दोघांनाही लहान पिल्लांचं स्टार्टर खाद्यच चालतं, एकच पोतं पुरेल. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र चुकूनही नको. त्यात कॅल्शियम फार असतं, पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात.

लहानग्यांसाठी पुठ्ठ्याचं चार फूट रुंद गोल कुंपण करा, दीड फूट उंच. गोलच हवं, कोपरा असला की थंडीत एकावर एक चढून खालची गुदमरतात. खाली दोन इंच कोरडं तूस. फरशीवर नुसता गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात. साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब लावा, एक उडाला तरी दुसरा राहतो. एलईडी ऊब देत नाही. बाबा, वायर उंदरांच्या तावडीत येणार नाही अशी वरून घ्या.

आई, माझं दूध तू मनगटावर थेंब टाकून बघायचीस ना, तसाच हाताचा मागचा भाग पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धर. पण खरं काय ते पिल्लंच सांगतील. सगळीकडे पसरून निजली असली तर ठीक. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असली तर बल्ब खाली घे. कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर वर कर. सगळी एकाच बाजूला सरकली असली तर कुठून तरी वारा येतोय.

आल्या आल्या आधी गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून. तासा-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा, मग स्टार्टर. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, म्हणजे बुडणार नाहीत. ढुंगणाला विष्ठा चिकटून वाळली असली तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढ, ओढू नको.

सोमवार मी मुद्दामच धरलाय. शनिवारी जुनी अठ्ठावीस दिवसांची, नवी पाच-सहा दिवसांची. जुन्यांचा लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, दुसरा डोस आणि नव्यांचा पहिला, एकाच बाटलीत. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून दोन्ही बाजूंची भांडी आधीच मांडून ठेवा. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. चौदाव्या दिवसाच्या गंबोरो रोगाच्या लसीचं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.

रोज आधी लहानग्यांकडे जायचं, मग मोठ्यांकडे, उलट नाही. मोठ्यांच्या बाजूच्या चपला वेगळ्या. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लू पंख पाडून बसलं, तर ओलं तूस लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने पाण्यात औषध टाकू नका.

लहानी सहा आठवड्यांची झाली की पत्रा काढून तिथेही जाळीच लावा. आठ-दहा दिवस एकमेकांना बघू देत. मग अंधार पडल्यावर सगळी झोपलेली असताना मधली जाळी उघडा. सकाळी तुम्ही दोघं तिथेच थांबा. खाद्य-पाणी तीन ठिकाणी, मेथीची जुडी टांगलेली, आणि फक्त लहान आत जातील एवढ्या तोंडाचं खोकं आडवं ठेवलेलं. थोडं टोचणं होणारच. पण रक्त निघालं की ते पिल्लू ताबडतोब बाजूला, लाल दिसलं की बाकीची सोडत नाहीत.

बाबा, तुम्हाला जमत नाही असं मी म्हणतच नाही. पण तूस हलवताना नाकाला रुमाल बांधा, धुळीने तुमचा दम वाढतो. आत शिरताच डोळे चुरचुरले तर खिडकी उघडा, ओलं तूस काढायला गडी बोलवा. त्याची रोजी मी पाठवीन. लाइट गेली तर कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये अजिबात नको, पिल्लांना नाही आणि तुम्हालाही नाही. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कुंपणात ठेवा, आणि रात्री उठणं एकानेच, आळीपाळीने. आई, गुडघ्याचा पट्टा घालूनच वाक. शेडमध्ये बसायला लाकडी पाट केलाय सुताराने, तो तुझ्यासाठीच.

येळवसची आंबील माझ्या वाटणीची बाबांना दे, रात्री मात्र नको, खोकला येतो त्यांना. पिल्लं आली की सोमवारी संध्याकाळी मिस्ड कॉल दे, मी लगेच लावते.

तुमची,
सोनी