डायनासोर आणि आपल्या विहिरीतला लाल पट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत डायनासोर कसे संपले यावर अर्धे पान आले होते. माझ्या नातीने ते मला मोठ्याने वाचून दाखवले. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानमध्ये दहाएक किलोमीटर रुंदीचा अशनी आदळला आणि खेळ संपला. यात चूक काही नाही. पण पान तिथेच थांबले याचे वाईट वाटले.

मी पस्तीस वर्षे उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यांत विहिरी खोदायची कामे घेतली. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, हा क्रम हातांना पाठ आहे. कधी कधी पाषाण फोडून खाली उतरलो की विटकरी लाल मातीचा पट्टा लागायचा. कुठे वीतभर, कुठे हातभर. ओले ढेकूळ चुरगाळले तर गेरूसारखा रंग बोटांना लागे. त्याखाली पुन्हा पाषाण. आम्हाला एवढेच ठाऊक की हा पट्टा लागला की बाजू ढासळते, माणसे जपायची.

त्याचा अर्थ कळला तो साठीला आल्यावर, विहीर पाहायला आलेल्या एका भूजल तज्ज्ञाकडून. लाव्ह्याचा एक थर येऊन निवला. पुढचा यायला इतका काळ गेला की दगड झिजून माती झाली. मग नवा लाव्हा तिच्यावर पसरला. म्हणजे तो पट्टा ही दोन उद्रेकांमधली विश्रांती! मी तिच्यावर पहार मारत होतो.

हे दख्खनचे उद्रेक आणि डायनासोरांचा शेवट एकाच काळातले आहेत. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे, सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. एवढा लाव्हा येताना कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड किती ओकला असेल! गेर्टा केलर या शास्त्रज्ञ बाई कित्येक वर्षे सांगत आहेत की खरा घात दख्खननेच केला.

दुसरी बाजू भक्कम आहे, हे मान्य. आल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांनी १९८० साली मातीच्या पातळ थरातल्या इरिडियमवरून, म्हणजे जमिनीत विरळा पण अशनीत भरपूर असणाऱ्या धातूवरून, अशनीचा माग काढला. पुढे १९९१ मध्ये युकातानमधल्या चिक्शुलुबचे सुमारे १८० किलोमीटर रुंद विवर त्याच्याशी जोडले गेले. बहुतेक शास्त्रज्ञ आज अशनीच्याच बाजूने आहेत. पण दख्खनचा मोठा लाव्हा आघाताआधी आला की नंतर, यावर २०१९ साली दोन गटांनी दोन वेगळी उत्तरे दिली. वाद मिटलेला नाही.

मला स्वतःला दोन्ही एकत्र पटतात. १९७२ च्या दुष्काळात मी आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो, हाच काळा दगड. आमच्या दावणीची जनावरे त्या वर्षी गेली, पण त्याआधीच पावसाने ओढ दिली होती, कडबा संपला होता, बरगड्या दिसत होत्या. डायनासोरांनाही असेच आधी दख्खनने खंगवले आणि मग अशनीने संपवले असेल का, हा प्रश्न तरी मुलांपुढे ठेवायला हवा होता.

नातीने विचारले, आपल्या विहिरीत डायनासोर का नाही सापडला? आपल्याकडे खालपर्यंत लाव्हाच, हाडे कुठून मिळणार? पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते आणि तिच्यात गवताचे अंश सापडले आहेत. हे ऐकून ती तासभर प्रश्न विचारत होती.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी दख्खनवरही अर्धे पान द्यावे. लाल पट्ट्याचे एक ढेकूळ मी जपून ठेवले आहे, वरचा पाषाण अजून त्याला चिकटलेला आहे. फोटोसाठी हवे असल्यास कचेरीत आणून देईन.

आपला,
एक जुना विहीर खोदणारा, सोलापूर