फोनमधला रेडिओ बंद का ठेवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले. वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या, वीज गेली, पाठोपाठ मोबाइलची रेंजही गेली. घरात तीन स्मार्टफोन होते, पण उपयोग बॅटरीच्या उजेडापुरता. बाहेर काय चालले आहे ते कळले शेजारच्या काकांच्या बटणवाल्या फोनवरून. इअरफोनची वायर खोचली की तीच अँटेना होते आणि मुंबई आकाशवाणी लागते. पडवीत आठ-दहा जण कान देऊन बसायचो.

हे आता आठवले ते गेल्या महिन्यात घेतलेल्या नव्या फोनमुळे. ‘यात रेडिओ येत नाही,’ असे दुकानदाराने सांगितले होते. पुण्याहून आलेला भाचा या बाबतीत भारी उचापती. त्याने स्टार-हॅश करत काही आकडे दाबले आणि कंपनीचा तपासणीचा मेनू उघडला. स्पीकर, व्हायब्रेशन, कॅमेरा आणि सगळ्यात खाली ‘एफएम’! वायर लावली, जरा खरखर झाली आणि चक्क गाणे सुरू. मेनूतून बाहेर पडलो की रेडिओ गायब. म्हणजे वस्तू आत आहे, पैसे मी मोजलेत, वापरायची मात्र सोय नाही.

कायमचा चालू करायचा तर फोन रूट करावा लागेल, म्हणजे कंपनीची बंधने काढून फोनचा पूर्ण ताबा घ्यावा लागेल, असे भाचा म्हणाला. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडायचा, त्यात फोनमधले सगळे पुसले जाते. वॉरंटीवर पाणी सोडायचे ते वेगळेच, शिवाय बँकेची बरीचशी अ‍ॅप अशा फोनवर चालत नाहीत. सुपारीचे पैसे हल्ली तिथेच येतात. मी म्हटले, राहू दे बाबा. सर्व्हिस सेंटरवाल्याने तर ‘इंटरनेटवर ऐका ना, काका’ म्हणून वाटेला लावले. रेंज नसताना इंटरनेट कुठून आणू, हे विचारायचे राहूनच गेले. हल्ली धोक्याचा सरकारी इशारा फोनवर भोंग्यासारखा वाजतो, तोही टॉवरवरूनच येतो.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना कळवले होते की, फोनमध्ये एफएम रिसीव्हर असेल तर तो बंद ठेवू नका. आपत्तीच्या काळात रेडिओ उपयोगी पडतो, हे कारणही दिले होते. पण तो पडला नुसता सल्ला. त्याची किंमत किती, ते माझ्या हातातला फोन सांगतो.

अमेरिकेत २०१७ च्या चक्रीवादळांनंतर तिथल्या दूरसंचार आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांनी अ‍ॅपलला हेच जाहीरपणे सुनावले होते. आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि अँटेनाही नाही, असे कंपनीचे उत्तर होते. नसेल तर नसेल, माझे काही म्हणणे नाही. असून बंद ठेवतात, त्याला माझी हरकत आहे. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापतात, तिथेच ‘एफएम आहे’ किंवा ‘एफएम नाही’ हेही छापायला लावावे, आणि आहे तिथे तो चालू ठेवणे सक्तीचे करावे. यासाठी सल्ला नको, नियम हवा.

काकांचा बटणवाला फोन अजून चालतो. बॅटरी मात्र फुगली आहे. पावसाआधी नवी मिळते का, ते बघायला उद्या अलिबागला जाणार आहे.

– एक बागायतदार वाचक, रेवदंडा (जि. रायगड)