पूर्वपक्षाचं पत्र

प्रिय बंडू,

तुझा मेसेज वाचला. आपल्या दहावीच्या ग्रुपवर परवा प्रारब्धावरून जुंपली आणि रात्री तू मला एकट्याला लिहिलंस, "देवच नाही म्हणतोस, मग देवाच्या गप्पांत तुझं काय काम? क्रिकेट न आवडणारा माणूस कॉमेंटरी ऐकत बसतो का?" पुढे दात काढणारा चेहरा टाकलायस. पण शाळेपासून ओळखतो तुला. चेहरा टाकलास म्हणजे प्रश्न खरा आहे. मोबाइलवर अंगठ्याने उत्तर लिहायला गेलो असतो तर निम्मं मनातच राहिलं असतं, म्हणून हे पत्र. वहिनींनाही वाचून दाखव. त्या मधेमधे तोडत नाहीत.

क्रिकेटचं आधी मिटवतो. खेळात रस नसलेला माणूस मैदानावर जात नाही, कबूल. पण स्टंप त्याच्याच अंगणात रोवले असतील आणि काचा त्याच्याच फुटत असतील, तर तो बोलणारच ना?

आईचा दहावा आठव. संगम माहुलीला घाटावर उभे होतो. पिंड ठेवून झाले, समोरच्या झाडावर कावळे ढिगाने, आणि एकही खाली येईना. भटजींना पुढचं काम होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. आत्या म्हणाली, तिचा जीव कशात तरी अडकलाय. मग एकेकजण पुढे होऊन बोलायला लागला. कुणी म्हणालं, धाकटीचं लग्न थाटात लावू. कुणी म्हणालं, विहिरीचा वाटा देऊन टाकू. ज्याला जे हवं होतं ते त्याने आईच्या नावावर मागून घेतलं, असं मला आजही वाटतं, पण ते असो. शेवटी थोरले काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोटच्या पोराचाच विश्वास नाही, कावळा शिवेल कसा?" भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता, तेवढ्यात तू पुढे झालास आणि हात जोडून म्हणालास, "काकू, दिन्याला एकदा तरी वारीला नेईन." आणि आला कावळा! तेव्हापासून त्याचं श्रेय तू घेतोयस. त्याच वेळी सगळी मंडळी लांब सरकून उभी राहिली होती, हे मात्र तुझ्या गोष्टीत कधी येत नाही.

सांगायचं ते हे की त्या दिवशी मी अवाक्षर काढलं नव्हतं. सांगितलं तिथे उभा राहिलो, सांगितलं तसं पाणी सोडलं. तरी चर्चा माझ्यावरच झाली. मी गप्प राहिलो म्हणून धर्माच्या बोलण्यातून बाहेर पडतो असं होत नाही. मी तिथे आधीपासून असतोच, फक्त माझे संवाद दुसरे लोक म्हणतात. "तरुणपणाचा माज आहे, साठी आली की माळ घालेल." "विमान हललं की रामराम सुरू करेल." "देवाचं भय नाही, मग हा चोरी का करणार नाही?" ग्रुपवरची कुठलीही चर्चा उघडून बघ. अशा बोलण्यात पुतळा बनून उभं राहायचा मला कंटाळा आलाय. माझे संवाद मी म्हणतो, एवढीच मागणी आहे.

आपल्याकडे वादाची फार सुंदर शिस्त होती. आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, त्यात पहिलंच प्रकरण चार्वाकांचं, म्हणजे देव-परलोक न मानणाऱ्यांचं, आहे. मान मोठा, पण मांडणारा माणूस विरोधी गोटातला. चार्वाकांची मूळ सूत्रं नाहीशी झाली. त्यांचं जे काही आपल्याला ठाऊक आहे ते बहुतेक त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या ग्रंथांतून वेचलेलं. परिणाम काय झाला? पोराटोरांना आज चार्वाक म्हटलं की कर्ज काढून तूप पिणारा एवढंच आठवतं. धूर दिसला तिथे आग असते, हा नियम तू सर्व काळासाठी आणि सर्व ठिकाणांसाठी कशाच्या जोरावर सांगतोस, हा त्याने टाकलेला पेच नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, शतकानुशतकं पुरला. तो कुणाच्या तोंडी नाही, तूप मात्र राहिलं.

आणि जयराशी भट्ट हा जुना तत्त्वज्ञ! त्याच्या 'तत्त्वोपप्लवसिंहा'ची पोथी १९२६ साली गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात सापडली आणि १९४० साली बडोद्याहून छापली गेली. हा गृहस्थ कुठलंच प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन, उभं राहू देत नाही, जैनांचंही नाही. त्याला चार्वाक म्हणावं की नाही यावर पंडितांत अजून वाद आहेत. पण मला भारी वाटतं ते त्या भांडारवाल्यांचं. आपल्याच मुळावर घाव घालणारं पुस्तक त्यांनी पिढ्यान् पिढ्या वाळवीपासून सांभाळलं. नास्तिकांच्या घरी काही सांभाळलं गेलं नाही, कारण आमची घरं अशी नव्हतीच. बोलायचं काम दुसऱ्यावर सोपवलं की काय होतं, त्याचा हा आमचा इतिहास.

महाभारतातला चार्वाक तुला आठवत असेल. शांतिपर्वात युधिष्ठिर हस्तिनापुरात शिरतो, जयजयकार चाललेला असतो, आणि भिक्षुकाच्या वेषातला एकजण उठून म्हणतो, नातलगांना मारून मिळवलेलं हे राज्य काय कामाचं. बाकीचे ब्राह्मण नुसत्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात. तो राक्षस होता, दुर्योधनाचा मित्र होता, वगैरे खुलासा कथेत आहेच. पण तो जे बोलला तेच युधिष्ठिर आधी रडत रडत स्वतः बोलत होता ना? बोलणारा वेगळा निघाला म्हणून वाक्य जळलं.

आता तू म्हणशील, जुनी प्रकरणं उकरू नकोस, आज कोण जाळतंय? बंडू, आपण साताऱ्याचे. डॉक्टर दाभोलकर आपल्या गावचे. कबड्डीचा खेळाडू म्हणून तुझ्या वडिलांना त्यांचं कोण कौतुक! २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. आणि डॉक्टर काय म्हणत होते? देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. माझ्यापेक्षा कितीतरी मवाळ माणूस.

डॉक्टर ज्या कायद्यासाठी झगडले त्याचीच गोष्ट घे, तुझ्या प्रश्नाचं ते सर्वांत चांगलं उत्तर आहे. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं लटकला होता. हा आला की वारी बंद, सत्यनारायण बंद, अशी आवई उठली होती. वारकऱ्यांतूनही विरोध झाला. तू स्वतः माझ्याशी भांडला होतास, बसस्टँडच्या कॅंटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत. शेवटी खुनानंतर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्यात काय आहे बघ. नरबळी, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, मंत्रतंत्राच्या भरवशावर साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे गुन्हे. आणि प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. तुझ्यासारख्यांनी शंका काढल्या नसत्या तर हे इतकं स्वच्छ शब्दांत आलं असतं का, मला शंका आहे. आणि दाभोलकरांसारख्यांनी तोंड मिटून घेतलं असतं तर कायदाच आला नसता.

कागदोपत्रीही हा विषय मला सोडत नाही. धाकट्याच्या दाखल्याच्या वेळी धर्माच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "असं चालत नाही, काहीतरी लिहा." २०१४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि मला कुठलाच धर्म नाही असं म्हणणं हाही सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. निकालाची प्रत कोण खिशात घेऊन हिंडतो? २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २८ लाख ६७ हजार लोक होते. सगळे नास्तिक नव्हेत, पण शेकडा पाव टक्कासुद्धा नाही एवढ्यांच्या गर्दीत उभं राहून मी कुणाचा धर्म बुडवणार आहे, सांग बरं.

आणखी एक. प्रारब्धाच्या त्या भांडणानंतर आपल्याच वर्गातल्या एकीचा फोन आला. नाव लिहीत नाही. नवरा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. सख्ख्या पुतणीच्या डोहाळजेवणात ओटी भरायला उठली, तर कुणीतरी हातातलं ताट हळूच काढून घेतलं. ते प्रारब्धच असणार, असं तिने मनाशी मान्य केलं होतं. मी लिहिलेलं तिला सगळं पटलं नव्हतं. "तुझं देवाचं जाऊ दे," म्हणाली, "पण माझ्या कर्माची फळं म्हणून ते ताट काढलं नाही, बायकांनी काढलं, हे तू लिहिलंस ते बरं केलंस." ती रोज पोथी वाचते, पुढेही वाचेल. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. तिथली माणसंही देवळात जाणारीच. बोलणं कुठून कुठे झिरपतं, बोलणाऱ्याला कळत नाही.

आमच्यातही नग आहेत, मान्य. काहींना नुसती जिरवायची हौस. गणपतीला हत्तीचं डोकं कसं जोडलं, असले प्रश्न चतुर्थीच्या दिवशी, मोदक पुढ्यात असताना विचारणारे. मला ते अडाण्यांत काढावेसे वाटतात. समोरच्याने धर्माचा अभ्यास करून टाकलाय आणि ह्यांना अभंग आणि आरती यांतला फरक माहीत नाही. मी आस्तिकांच्या बैठकीत रमतो त्याचं एक कारण हेच, तिथे निदान विषयाचं प्रेम असतं. तुकोबा देवाशी कसे कचाकचा भांडतात! देव नाही म्हणणाऱ्या मला ते भांडण तुझ्याइतकंच आपलं वाटतं. त्याच्यावर तुझी एकट्याची मालकी नाही, हे लक्षात ठेव.

तुझी बाजू बदलावी असं मला कधी वाटलेलं नाही. तू वारी सोडलीस तर तुझ्यासारख्या माणसाशी मी बोलायचं काय? मला तुझं खंडन हवंय, पण माझ्या म्हणण्याचं, पुतळ्याचं नको.

तर आता एक कर. पुढच्या पत्रात तू माझी बाजू लिही: देव न मानणारा माणूस तसं का म्हणतो. 'म्हणे', 'तथाकथित' हे शब्द वापरायचे नाहीत, विमान हलवायचं नाही. मी तुझी लिहितो, तू पांडुरंग का मानतोस ते. दोन्ही कागद वहिनींकडे द्यायचे, आणि कुणाचं कुणाला जास्त कळलंय ते त्यांनी ठरवायचं. आषाढीच्या आत लिही, म्हणजे लोणंदला भेटलो की पालखी येईपर्यंत भांडता येईल.

तुझा,
दिन्या