चि. प्रशांतला, सुहासच्या व्हिसाबद्दल

चि. प्रशांत,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोघांचाही आवाज चढला. तू फोन ठेवलास आणि मग आई माझ्यावर घसरली, की पोरगा कधी नाही तो निवांत बोलायला बसला होता आणि तुम्ही त्याची उलटतपासणी घेत बसलात. म्हणून आता लिहितोय. निदान लिहिताना मधे तोडायला तू नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवरच टाइप करतोय, चष्म्याचा नंबर बदललाय पण चष्मा नाही, तेव्हा चुका समजून घे.

आधी चांगलं बोलतो. शारजातल्या तुझ्या कंपनीच्या ट्रेड लायसन्सचा, म्हणजे धंद्याच्या परवान्याचा, फोटो मी शृंगारतळीला जाऊन मोठा करून आणला, लॅमिनेट केला, टीव्हीच्या वर लावलाय. अरबी कोणाला वाचता येत नाही पण येणारा प्रत्येक जण बघतोच. नाना म्हणाला, तू जन्मभर दुसऱ्यांचे एसी उघडलेस, पोराने कंपनीच उघडली. मी काही बोललो नाही. आईने मात्र त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, म्हणजे बघ.

आता सुमतीकाकूच्या सुहासचं. तू म्हणालास बाबा सगळे असंच करतात, व्हिजिटवर बोलवतो, दोन महिने काम बघतो, हात चांगला असला तर स्टेटस चेंज करून, म्हणजे तिथल्या तिथे व्हिजिटचा नोकरीचा करून, व्हिसा लावतो, नाहीतर तिकीट काढून परत. तुझं गणित कळतं मला. एका माणसाच्या व्हिसाला सगळं धरून सहा हजार दिरहम जातात म्हणालास, व्हॅनचे हप्ते चालू आहेत, आणि दोन महिन्यांनी पोरगं पळालं तर पैसे पाण्यात. पण अरे व्हिजिटवर माणसाने यावं, फिरावं, फार तर नोकरी शोधावी. पाना हातात घेऊन गच्चीवर चढला की ते काम झालं, आणि परमिटशिवायचं काम झालं. मग तू त्याला पगार म्हण, पॉकेटमनी म्हण, नाहीतर भावकीतला पाहुणा म्हण.

मिनूला बसवून मोबाईलवर सगळं काढून घेतलं मी. 2024 मध्ये तिकडे यूएईत कायदा कडक केलाय, परमिट नसलेला माणूस कामाला ठेवला तर मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड. 1 लाखच धरू कमीत कमी. तुझी व्हॅन, दोन्ही कॉम्प्रेसर, गॅसचे सिलेंडर सगळं विकून किती होतील ते तूच सांग. सहा हजार वाचवायला निघालास तू!

आणि तुला ट्रायलच घ्यायची आहे ना? मग ती तिथल्या कायद्यातच आहे की रे. 2021 चा जो नवीन कामगार कायदा आला, 33 नंबरचा, त्यात सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशन आहे. नाही पटला तर चौदा दिवसांची लेखी नोटीस दे आणि मोकळा हो. तोच दुसऱ्या कंपनीत उडी मारणार असेल तर त्याला महिनाभर आधी सांगावं लागतं, आणि तुझा भरतीचा खर्च त्या नव्या मालकाकडून मागता येतो. म्हणजे तू ज्याला घाबरतोयस त्याची सोय आहे. व्हिजिटवर आलेला पळाला तर तू कोणाकडे बोंब मारणार? तुझाच पाय अडकलेला.

बरं, लेक्चर झालं. सॉरी. आता तू मालक आहेस, मी कोण सांगणारा.

पण माझं सौदीतल्या दम्मामचं आठवतंच. तेव्हा तू बालवाडीत. आमचे पासपोर्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात, रबर लावलेले गठ्ठे, वरच्या चिठ्ठीवर कॅम्पचा नंबर. आपल्या खिशात फक्त अकामा, तिथलं राहण्याचं कार्ड. आजी गेल्याची तार आली तेव्हा मी तसाच बूट घालून ऑफिसात गेलो. एक्झिट रीएन्ट्रीच्या, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या, कागदावर मालकाकडची सही लागते आणि सही करणारा माणूस जेद्दाला गेलेला. क्लार्क सुदानी होता, भला माणूस, त्याने कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, माझा पासपोर्ट शोधून काढला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि परत गठ्ठ्यात घालून रबर लावलं. सहीशिवाय तो तरी काय करणार. मी घरी पोचलो तेव्हा तेरावं होऊन मुंबईची माणसं परतसुद्धा गेली होती. दादा तेव्हा काय बोलला ते तुला आईने सांगितलंच असेल कधीतरी.

म्हणून काल तू जे सहज बोलून गेलास ना, की पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये राहील, सेफ राहतो, त्यावर माझा आवाज चढला. व्हिजिटवर नंतर चढला, आधी त्यावर चढला. तिथे कायद्याने मालकाला पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. सुहासचा सुहासकडे राहू दे. हरवला तर हरवला, दुबईला आपलं कॉन्सुलेट आहे, नवीन मिळतो.

आता दुसरी गोष्ट, ही तुला बहुतेक माहीत नसेल कारण तू डिप्लोमावाला, तुझ्या पासपोर्टला कधी अडचण आली नाही. सुहास दहावीला दोनदा बसला आणि दोन्हीदा गणितात गेला, त्यामुळे त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक लागणारा, आहे. म्हणजे यूएई, सौदी, कुवेत, कतार, ओमान असे जे अठरा देश आहेत तिथे नोकरीला जायचं तर आधी आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, 1983 च्या कायद्याप्रमाणे. आता ते ऑनलाइन आहे, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर. मालकाने तिथे रजिस्टर करायचं, कॉन्सुलेट कागद बघतं, मग कामगाराचं काँट्रॅक्ट त्यात चढतं. सोबत प्रवासी भारतीय बीमा पण काढावा लागतो, 10 लाखाचा, हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये. तीनशे रुपयेसुद्धा नाहीत रे. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जास्त आहे.

हे सगळं टाळायलाच लोक व्हिजिटवर पाठवतात, हे मला कळत नाही असं समजू नकोस. सहार विमानतळावर काउंटरवरच्या माणसालाही कळतं. ईसीआर पासपोर्ट, वय बावीस, दुबई बघायला चाललोय म्हणतो, हातात रिटर्न तिकीट, आणि बॅगेत एसीचा गॅस तपासायचा मॅनिफोल्ड गेज! तिथूनच परत पाठवला तर सुमतीकाकू कोणाच्या दारात येणार? तुझ्या नाही, तू शारजाला आहेस. आमच्या.

आणि समजा गेला. तू चांगला वागवशील याची मला खात्री आहे, तू माझ्यापेक्षा मऊ आहेस. पण जूनमध्ये गच्चीवर आउटडोअर युनिट खोलताना त्याला चक्कर आली, खाली आला, तर? व्हिजिटवर कामगाराचा मेडिकल इन्शुरन्स नाही. 2025 पासून शारजातही मालकाने तो काढायचाच आहे, पण तो परमिट असेल त्याला. हॉस्पिटलमध्ये विचारतील हा कोण, तर काय सांगशील? 15 जून ते 15 सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, ते तरी पाळतोस ना रे? कस्टमर कितीही बोंबलला तरी? फोनवर विचारायचं राहिलं.

पुन्हा तिथेच आलो. आई वाचतेय खांद्यावरून, म्हणते पुरे करा आता, तो काय लहान आहे. लहान नाही म्हणूनच सांगतोय. कामाला गेलेल्या माणसाचं चुकलं तर एक घर बुडतं, मालकाचं चुकलं तर दोन. बघ, परत प्रवचन.

तर माझ्या मते असं कर. तुझ्या कंपनीच्या कार्डावर माणूस आणायचा कोटा आहे का ते तुझ्या पीआरओला, सरकारी कागद बघणाऱ्या माणसाला, विचार. असेल तर तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर काढ, ते हिंदीतही मिळतं, सुहासला वाचता येईल असं. त्यात पगार, बेसिक किती, रूमचे किती, सगळं स्वच्छ लिही, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, वर्षाला एकवीस दिवसांची पहिली पाच वर्षं, आणि बेसिक मुद्दाम बारीक लिहिणारे मालक मी बघितलेत. मग परमिट, एन्ट्री व्हिसा, तिकडे गेल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी. तो खर्च तुझा. पगारातून महिना महिना कापीन म्हणालास ना, तेही चालत नाही, भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही असं सरळ लिहिलंय. पगार बँकेतून, हातात नाही.

आत्ता पैसे नसतील तर गणपतीनंतर बोलव त्याला. तो लालबागच्या त्या दुकानात आणखी सहा महिने राहिला तर इन्व्हर्टर एसीचं काम तरी शिकेल. आणि तुला थोडे कमी पडत असतील तर सांग, पोस्टातली एफडी आहे. आईला मी अजून बोललेलो नाही, आता वाचेल ती.

चिपळूणचा तो एजंट सुमतीकाकूकडून 80 हजार मागतोय, हे तुला माहीत आहे का? मला वाटतं नसणार. कामगार तुझा, कंपनी तुझी, आणि हा मधल्या मधे कसले घेतोय? लायसन्सवाल्या एजंटलासुद्धा 30 हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि याच्याकडे ई-मायग्रेटवरचा नंबर विचारला तर साहेब उद्या या म्हणतो. काकूने पाटल्या काढून ठेवल्यात सोनाराकडे न्यायला. मी आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे, मोडू नकोस म्हणून. तू मधे पडू नकोस, ते माझ्यावर सोड.

रविवारी फोन कर. मी आवाज चढवणार नाही. मिनूचा निकाल लागायचाय, तिच्यासमोर यूएईच्या नोकरीचं काही काढू नकोस, तिचं चित्त आधीच थाऱ्यावर नाही. आईची बीपीची गोळी चालू आहे, काळजी नको.

तुझा
बाबा

ता.क. आंबा यंदा कमी आहे, तरी एक पेटी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय. सुहासबरोबर पाठवली असती, पण त्याचा व्हिसा रीतसर होईपर्यंत आंबा संपलेला असेल, तेव्हा दुसरं कोणी येणारं असेल तर कळव.