75 टक्के, पण कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला माननीय प्राचार्यांचा लेख दोनदा वाचला. अकरावीच्या गणिताच्या तासाला मुले बसत नाहीत, पालकांना त्याचे काही पडलेले नाही, म्हणून हजेरी, जर्नल आणि चाचण्या यांबाबत महाविद्यालयांनी आता कडक व्हावे, असा एकूण सूर. व्हा की कडक! कोणी अडवले आहे? फक्त तासाला जी मुले बसतात त्यांचे पुढे काय होते तेही एकदा छापून यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी मुलगी गेल्या वर्षी अकरावी सायन्सला होती. क्लास लावला नाही. तिलाच नको होता, आणि दोन वर्षांच्या फीचा आकडा ऐकल्यावर आम्हीही आग्रह धरला नाही. मी स्वतः गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हटले, कॉलेजात शिकेल, अडले तर घरी मी आहेच. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने एक छापील कागद हातात ठेवला. गणितासाठी त्यात स्वतंत्र कलमे होती: हजेरी किमान 75 टक्के, जर्नल ठरल्या तारखेला, कॅल्क्युलेटर बंद, लॉग टेबल स्वतःचे, चुकलेली चाचणी पुन्हा घेतली जाणार नाही. खाली पालकांची सही. अटी रास्तच आहेत, कॅल्क्युलेटर तर बारावीच्या बोर्डालाही चालत नाही. मात्र कॉलेज स्वतः काय करणार, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती.

पटावर वर्ग भरलेला, बाकांवर मोजकी डोकी. उरलेली सगळी 'इंटिग्रेटेड'वाली, म्हणजे नाव कॉलेजात आणि मुक्काम क्लासमध्ये. गणिताचे सर तासिका तत्त्वावर होते. शिकवायचे छान, मुलगी घरी येऊन त्यांची नक्कल करत मला त्रिकोणमिती समजावून सांगायची. दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. त्यांचे मानधन थकले होते असे कानावर आले. खरे-खोटे प्राचार्यच जाणोत. दुसरी नेमणूक होईपर्यंत भाग दोनमधले फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी हे धडे मुलांना 'घरी वाचून काढा' म्हणून सांगण्यात आले. ज्यांनी पुस्तक पाहिले आहे त्यांना सांगायला नको की बारावीचे निम्मे गणित याच धड्यांवर उभे आहे. आता प्राचार्यांनीच गणित करून दाखवावे: जो तास झालाच नाही त्याचे 75 टक्के किती?

जर्नलचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. फेब्रुवारीत नव्या मॅडम आल्या. मुलीने टॅन 75 अंशाची किंमत 150 च्या अर्ध्या कोनाच्या सूत्राने काढली होती. 1 वजा कॉस 150, भागिले साइन 150. दोन ओळींत 2 अधिक रूट 3. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर. त्यावर लाल फुली आणि शेरा: 'मेथड पुस्तकाप्रमाणे नाही.' पुस्तकाप्रमाणे म्हणजे 45 अधिक 30. त्यानेही उत्तर तेच येते, हे मी सांगण्याची गरज नसावी. पोरीने मुकाट्याने पान पुन्हा लिहिले. मग कळले की अनुक्रमणिकेत आधीच्या सरांच्या सह्या नाहीत, सबब जर्नल अपूर्ण, सबब प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही. सर निघून गेले यात तिचा काय दोष, हे विचारायला मी ऑफिसात गेले.

मी तिथे उभी असतानाच एका क्लासचा शिपाई जर्नलांचा गठ्ठा घेऊन आला. सगळ्यांना एकसारखे खाकी कव्हर, आत एकसारखी शाई. टेबलावर दोन-तीन उघडी पडली होती. साइनचा आलेख सगळ्यांत एकाच जागी चुकलेला, वक्राचा माथा π/2 वर यायला हवा तो π वर! मूळ प्रत काढणाऱ्याचा हात घसरला आणि त्यामागून सगळी पलटण घसरली. माझ्यादेखत सह्या सुरू झाल्या, पान न उलटता. मी विचारले तर क्लार्क अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ते क्लासचे आहेत."

शेवटी तिला बसू दिले. 20 पैकी 13 मिळाले. ज्यांनी वर्गाचे दार पाहिले नाही त्यांना किती मिळाले ते मी लिहीत नाही, वाचकांना ठाऊक आहे.

2018 साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, तो याच दुकानदारीला आळा घालायला. आमच्या कॉलेजात ते यंत्र ऑफिसच्या भिंतीवर आहे. त्याच्या खिळ्याला एका बँकेचे कॅलेंडर लटकते. आणि मुलांना तरी काय नावे ठेवायची? इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटे, त्यात अकरावीचा वाटा 20 टक्के. पर्याय खोडत उत्तर गाठायला क्लास शिकवतो. टॅन 75 दोन रीतींनी काढून बघायला कोणी शिकवायचे, तर ते कॉलेजने. तिथे फुली मिळते. आता आमच्या बार्शीत जो तो मला सांगतो, "लातूरला टाकायची होती ना!"

जाता जाता आपल्याबद्दलही थोडे. कालच्या ज्या अंकात प्राचार्यांनी क्लास-संस्कृतीवर आसूड ओढला, त्याच अंकाचे पहिले पान एका क्लासच्या जाहिरातीने व्यापले होते. बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी तर बातमी शोधायला चार पाने उलटावी लागतात. आधी नुसते पासपोर्ट साइज चेहरे आणि खाली टक्के. तीच मुले कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पटावरही असतात, 75 टक्के हजेरीसह! कधी एखाद्या बातमीदाराला त्या हजेरीपटाकडे पाठवून बघा.

जागेअभावी पत्र काटछाट करून छापलेत तरी हरकत नाही, टॅन 75 चा भाग खुशाल गाळा. जाहिरातींचा परिच्छेद तेवढा ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक पालक, बार्शी